दोन नद्या आणि एक रस्ता

दिवाळी आली की आपल्याकडे अंगणात, गच्चीवर, नाहीतर चाळीच्या जिन्याखाली किल्ला उभा राहतो. विटांचे तुकडे, फाटके पोते, त्यावर चिखलाचा लेप आणि अळीव-मोहरी पेरून उगवलेली हिरवळ. सर्वांत वर महाराज बसलेले, आणि खाली बुरुजाबुरुजावर मातीचे मावळे. मुलांना महाराज ठाऊक असतात, तानाजी आणि बाजीप्रभूही ठाऊक असतात. परंतु पायथ्याशी भाला रोवून उभा असलेल्या त्या शिपायाचे नाव विचारा, ‘तो मावळा’ एवढेच उत्तर मिळेल. त्यात मुलांचा दोष नाही. इतिहासानेच त्या बिचाऱ्याचे नाव टिपून ठेवलेले नाही. बखरकार सरदारांची नावे लिहितो, आणि पुढे ‘असे लोक कामास आले’ म्हणून मोकळा होतो.

आपल्याच काळाच्या जवळपास मात्र काही शिपायांची नावे कागदावर चढली, आणि ती शौर्यपदकांमुळे चढली. पदकाबरोबर एक मानपत्र असते. अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, अमुक शिपायाने काय केले, हे त्यात पाचदहा ओळींत नोंदलेले असते. भाषा सरकारी, विशेषणे ठराविक; तरी ती नीट वाचली तर त्या ओळींमधून हाडामांसाचा माणूस उठून उभा राहतो. अशा तिघांची हकीकत आज सांगावी म्हणतो. त्यांतले दोघे इटलीतल्या दोन नद्यांच्या काठी लढले, आणि तिसरा काश्मीरच्या डोंगरातल्या एका रस्त्यावर.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश साम्राज्याचे शौर्याचे सर्वोच्च पदक १८५६ साली सुरू झाले. पण पुढची पंचावन्न वर्षे ते हिंदी शिपायाला मिळू शकत नव्हते. त्याच्यासाठी निराळे पदक होते, निराळी पायरी होती. एकाच खंदकात, एकाच गोळीखाली उभ्या असलेल्या दोन माणसांचे शौर्य कातडीच्या रंगावरून दोन तागड्यांत तोलले जाई. १९११ च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्ज बादशहाने ही अट काढली. तीन वर्षांत महायुद्ध पेटले आणि खुदादाद खान या शिपायाने बेल्जममध्ये तो पहिला क्रॉस मिळवला. मराठा पलटणींतल्या शिपायाला मात्र तो मिळायला दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. आणि मग दहा महिन्यांच्या आत दोघांना मिळाला.

त्यांतला पहिला नाईक यशवंत घाडगे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातला हा मुलगा. जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. त्या भागाची शेती पावसाच्या भाताची, डोंगरउताराची. घरातला एक भाऊ जमीन कसणार, एक मुंबईच्या गिरणीत जाणार आणि एक पलटणीत, अशी ही सगळी पट्टी. मनिऑर्डर घेऊन येणारा पोस्टमन हा तिथला सर्वांत लाडका सरकारी माणूस! तेव्हा घाडगे साम्राज्यासाठी लढायला गेला की पगारासाठी, असा प्रश्न विचारणाऱ्यांना मी एवढेच म्हणेन की माणगावच्या कातळावर उभे राहून हा प्रश्न विचारावा.

घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होता. १९४४ च्या जून महिन्यात रोम पडले होते आणि जर्मन सैन्य एकेका डोंगररांगेचा आसरा घेत उत्तरेकडे हटत होते. हटत होते म्हणजे पळत नव्हते. दर टेकडीवर मशीनगन मांडून, दर पूल उडवून, एकेका मैलाची किंमत वसूल करून हटत होते. रोममधून वाहणारी जी टायबर नदी, तिच्या वरच्या अंगाच्या खोऱ्यात दहावी हिंदी डिव्हिजन या टेकड्या चढत होती. खोरे दिसायला देखणे आहे. ऑलिव्हची झाडे, द्राक्षमळे, माथ्यामाथ्यावर दगडी तटबंदीची गावे. कोकणातून आलेल्या पोरांना चढउताराची सवय होती, ती तिथे कामी आली असणार.

१० जुलै १९४४. घाडगेच्या हाताखालची तुकडी पुढे सरकत असताना अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. क्षणार्धात सगळी तुकडी आडवी झाली. कोणी मेले, कोणी जखमी होऊन पडले. उभा राहिला तो एकटा घाडगे. या ठिकाणी जमिनीला चिकटून राहणे आणि मागच्यांची वाट पाहणे हे शहाणपणाचे होते, आणि कोणी त्याला नावे ठेवली नसती. तो सरळ मशीनगनवर धावून गेला. हातबाँब टाकून त्याने गन आणि ती चालवणारा असे दोन्ही निकामी केले. आणखी एकाला टॉमीगनने टिपले. तेवढ्यात गोळ्या संपल्या. नवा साठा भरायला वेळ नव्हता, कारण समोर अजून दोघे होते. तेव्हा त्याने बंदुकीची नळी मुठीत धरली आणि दस्त्याने त्या दोघांना तिथेच संपवले. त्यानंतर दडून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्याला टिपले. त्याच ठाण्यावर, जे त्याने एकट्याने घेतले होते, तो पडला. वय वर्षे २२.

हे वर्णन वाचून अंगावर काटा येतो तो केवळ अभिमानाचा नाही. दस्त्याने माणूस मारणे ही गोष्ट सणासुदीच्या अंकात लिहावी की नाही, असा विचार माझ्याही मनात आला. पण शौर्याची गोष्ट सांगायची आणि त्यातले रक्त पुसून टाकायचे, हा त्या माणसाशी केलेला अप्रामाणिकपणा होईल. मातीच्या मावळ्याला रक्त नसते. घाडगेला होते.

त्याचा देह मिळाला नाही. कॅसिनो येथे ज्यांची कबर माहीत नाही अशा सैनिकांची नावे कोरलेले स्मारक आहे, त्यावर त्याचे नाव आहे. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. माणगावला तहसील कचेरीपाशी त्याचा पुतळा उभा आहे. कोकणात जाणारी माणसे माणगावला चहाला थांबतात, वाहनांच्या रांगेला शिव्या देतात आणि पुढे जातात. आणि गंमत अशी की ज्या मुलखात तो पडला तिथल्या लोकांना त्याची आठवण राहिली. २०२३ च्या जुलैमध्ये त्या खोऱ्यातल्या मोंतोने या डोंगरमाथ्यावरच्या गावाने यशवंत घाडगे याच्या नावाने स्मारक म्हणून एक सूर्यघड्याळ उभारले. त्यावर लॅटिन भाषेत कोरले आहे, की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. ज्या डोंगरात माणगावचा मुलगा नाहीसा झाला, तिथल्या नगरपालिकेने एकोणऐंशी वर्षांनी त्याचे नाव दगडावर लिहिले.

दुसरा शिपाई नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्यातला. वयाने घाडगेच्याच बरोबरीचा; दोघांच्या जन्मतारखांत दोनच दिवसांचे अंतर आहे. हा पहिल्या पलटणीतला, म्हणजे जिला ‘जंगी पलटण’ म्हणतात आणि जी १७६८ पासूनची आहे तिच्यातला. तो कंपनीचा ‘रनर’ होता, निरोप पोचवणारा. फौजेत हे काम दिसायला लहान असते. हुकूम घ्यायचा आणि धावायचे. वाटेत गोळ्या असल्या तरी धावायचे.

१९४५ च्या एप्रिलमध्ये इटलीतली लढाई शेवटच्या टप्प्यावर आली होती. वाटेत सेनिओ नावाची नदी होती. नदी म्हणावी तर आपल्याकडच्या ओढ्याहून फारशी रुंद नव्हे. पण तो सारा प्रदेश सखल, आणि पुरापासून शेते वाचावीत म्हणून दोन्ही काठांना उंचच उंच मातीचे बांध घातलेले. शेतकऱ्यांनी पाण्याला अडवण्यासाठी रचलेले ते बांध जर्मनांना आयते तट मिळाले. बांध पोखरून त्यांनी आत मशीनगन बसवल्या आणि उतारावर सुरुंग पेरले. ९ एप्रिलला दुपारपासून विमानांनी आणि तोफांनी तो काठ भाजून काढला आणि संध्याकाळी आठव्या हिंदी डिव्हिजनने पाण्यात पाऊल टाकले.

जाधव कंपनीच्या प्रमुखाबरोबर पुढच्या लहानशा तुकडीत होता. पलीकडच्या बांधावरून तीन मशीनगनांचा मारा आला आणि ती तुकडी जवळजवळ कापली गेली. जाधवला काही लागले नव्हते. त्याने एका जखमी सोबत्याला उचलले, खोल पाण्यातून अलीकडे आणले, निसरड्या बांधावर चढवले आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पार नेऊन सुरक्षित ठेवले. मग तो परत गेला आणि दुसऱ्या जखमीला तसेच आणले. म्हणजे पेरलेल्या सुरुंगांतून पाठीवर ओझे घेऊन दोनदा, आणि मोकळ्या हाताने परत. या वेळपर्यंत त्याने जे केले होते तेवढ्यावरही त्याला मोठे पदक मिळाले असते.

पण मेलेले सोबती अजून पलीकडे पडले होते आणि मशीनगन चालूच होत्या. जाधव पुन्हा नदीत उतरला. पहिल्या मोर्चावर धावून जाऊन त्याने टॉमीगनने तो गप्प केला. तेवढ्यात हातात गोळी लागली. चाप ओढता येईना, तेव्हा बंदूक फेकून दिली आणि हातबाँब हाती घेतले. बाँब संपले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या उतारावरच्या सोबत्यांकडून आणखी मागून घेतले. असे करत उरलेले दोन्ही मोर्चे त्याने बंद केले. आणि मग तो बांधाच्या माथ्यावर सरळ उभा राहिला. उखळी तोफांचे गोळे पडत होते. त्या माऱ्यात उघड्यावर उभे राहून त्याने मराठ्यांची रणगर्जना केली आणि हात हलवून मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. ‘बोला श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ हीच त्या पलटणींची गर्जना. किल्ल्यावर बसलेल्या महाराजांचे नाव त्या संध्याकाळी इटलीतल्या एका शेतकी बांधावरून घुमले.

दोन मेला इटलीतले युद्ध संपले, म्हणजे अवघे तेवीस दिवस राहिले होते. जाधव जगला. पुढे हवालदार झाला आणि १९८४ साली वारला.

स्वातंत्र्यानंतर या दोघांचे काय करायचे हे आपल्याला फारसे सुचले नाही, असे मला नेहमी वाटते. परक्या राजाच्या झेंड्याखाली, परक्या मुलखात, परक्यांच्या भांडणात लढलेले हे वीर. चळवळीत तुरुंगात गेलेल्यांच्या पंक्तीला त्यांना बसवावे तर संकोच, आणि नाकारावे तर ते आपल्याच गावचे. यावर माझे मत सरळ आहे. नाझी फौजा हरणे जगाच्या गरजेचे होते, आणि आपल्यालाही ते परके भांडण नव्हते. शिवाय जाधव दुसऱ्यांदा नदीत उतरला तो बादशहासाठी नव्हे. पलीकडे त्याचा सोबती विव्हळत पडला होता.

पलटणींनी मात्र संकोच केला नाही. घाडगेची तिसरी पलटण पुढे छत्रीधारी सैन्यात गेली आणि तिचे नाव बदलले. १९७१ च्या डिसेंबरात बांगलादेशात टांगाईलजवळ जी छत्रीधारी पलटण आकाशातून उतरली ती हीच. आणि जमिनीवरून धडक मारत येऊन तिला जी पलटण मिळाली ती जाधवची जंगी पलटण. टायबर आणि सेनिओ या दोन नद्यांवरच्या पलटणी पूर्व बंगालच्या नद्यांच्या मुलखात अशा भेटल्या. इतिहास कधी कधी कादंबरीकारालाही लाजवतो.

आता तिसऱ्याकडे वळण्यापूर्वी त्याला मिळालेल्या पदकाविषयी सांगितले पाहिजे, कारण ती हकीकत मला या सर्वांत सुरस वाटते. स्वतंत्र भारताला व्हिक्टोरिया राणीच्या नावाचे पदक चालण्यासारखे नव्हते. नव्या पदकाचे काम मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे आले आणि त्यांनी ते चित्र काढण्यासाठी सोपवले सावित्रीबाई खानोलकरांकडे. नाव अस्सल मराठी. पण बाई जन्मल्या स्वित्झर्लंडमध्ये, १९१३ साली. वडील हंगेरियन, आई रशियन, माहेरचे नाव ईव्ह. सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेणाऱ्या विक्रम खानोलकर या तरुणावर त्यांचा जीव जडला, त्याच्यामागून त्या हिंदुस्थानात आल्या आणि १९३२ साली लग्न करून सावित्री झाल्या. नाव बदलून थांबल्या असत्या तर विशेष नव्हते. त्या मराठी, हिंदी, संस्कृत शिकल्या, पुराणे आणि वेद वाचले, महाराष्ट्रातल्या संतांवर पुस्तक लिहिले. आपल्या पुराणांतले काय कुठे आहे हे आपल्यातल्या पुष्कळांहून त्यांना अधिक ठाऊक होते.

म्हणून पदकासाठी त्यांना वाघ-सिंह आठवले नाहीत, दधीची ऋषी आठवले. वृत्रासुराला मारायला अस्त्र हवे होते. दधीचींनी देह ठेवला आणि त्यांच्या अस्थींतून इंद्राचे वज्र घडले. परमवीरचक्राच्या काशाच्या लहानशा चकतीवर मधोमध राजमुद्रा आहे आणि भोवती चार वज्रे. फीत जांभळी, तीही साधीच. २६ जानेवारी १९५० रोजी हे पदक जाहीर झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या शौर्याला ते लागू केले. पहिले मिळाले मेजर सोमनाथ शर्मा यांना, मरणोत्तर. ते सावित्रीबाईंच्या थोरल्या जावयाचे भाऊ. चित्र काढताना हे पदक आपल्याच सोयऱ्यांच्या घरी जाईल, असे त्या माउलीला वाटलेही नसेल. आजवर हे पदक एकवीसच जणांना मिळाले आहे, त्यांतले चौदा मरणोत्तर. जे सात जगून ते छातीवर लावू शकले, त्यांतला पहिला म्हणजे आपला तिसरा शिपाई, सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे.

राणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे, जन्म २६ जून १९१८. वडील पोलीसखात्यात; बदल्यांमुळे शाळा धड एका ठिकाणी झाली नाही. १९४० साली बाँबे सॅपर्समध्ये, म्हणजे खडकीला मुख्य ठाणे असलेल्या इंजिनियरांच्या दलात ते साधे शिपाई म्हणून भरती झाले. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले. डिसेंबर १९४७ मध्ये त्यांना अधिकारपद मिळाले, आणि चार महिन्यांच्या आत ते नौशेरा-राजौरी रस्त्यावर उभे होते.

सॅपर हा लढवय्यांतला गवंडी. त्याच्या हाती बंदुकीपेक्षा फावडे, पहार आणि सुरुंगाची वात अधिक असते. १९४८ च्या एप्रिलात राजौरी हल्लेखोरांच्या ताब्यात होती आणि तिथल्या लोकांची कत्तल चालली होती. रणगाडे पोचले तर गाव सुटणार. पण रस्ता एकच, आणि तो डोंगराला सापासारखा वेटोळे घालत गेलेला. वाटेत सुरुंग, पाडलेली पाइनची झाडे, उडवलेल्या मोऱ्या. तो मोकळा करणे हे राण्यांचे काम.

८ एप्रिलला सकाळी अकराला, काम सुरू करण्याच्या आधीच, उखळी तोफांचा मारा झाला. त्यांच्या तुकडीतले दोघे ठार झाले, पाच जखमी झाले आणि त्या पाचांत राणे स्वतः होते. त्यांनी उरलेली माणसे गोळा केली आणि काम सुरू केले. साडेचारला बरवाली टेकडी आपल्या हाती आली, तेव्हा शत्रू पुरता हटलेला नसतानाच पुढे जाऊन रात्री दहापर्यंत रणगाड्यांसाठी वळणवाट खणली. ९ तारखेला सकाळी सहाला पुन्हा सुरुवात. दुपारी तीनला वाट झाली, रणगाडे निघाले आणि राणे सर्वांत पुढच्या गाडीत बसले. अर्ध्या मैलावर पाडलेली झाडे, ती उडवली. आणखी तीनशे यार्डांवर पुन्हा झाडे. मग फोडलेली मोरी, वरून मशीनगनचा मारा. संध्याकाळी सव्वासहाला, उजेड सरताना, पाच मोठाले वृक्ष आडवे टाकलेले आणि त्यांच्याभोवती सुरुंग. राणे सुरुंग काढायला बसले, तेव्हा फौजेच्या प्रमुखानेच थांबण्याचा हुकूम दिला.

१० तारखेला पहाटे पावणेपाचला ते पुन्हा त्याच झाडांपाशी होते. साडेसहापर्यंत ती गेली. पुढचे हजार यार्ड नुसते अडथळेच होते. साडेदहापर्यंत तेही गेले. रणगाडे तावी नदीच्या पात्रात उतरून दुपारी दोनला चिंगसला पोचले. रणगाडे पोचले म्हणजे झाले, असे कोणालाही वाटेल. राण्यांना वाटले नाही. मागून धान्य, दारूगोळा आणि औषधे घेऊन मोटारी यायच्या होत्या आणि त्यांना नदीचे पात्र चालणार नव्हते. म्हणून अन्न आणि विश्रांती न घेता ते रात्री नऊपर्यंत रस्ताच साफ करत राहिले. ११ तारखेला पुन्हा सकाळी सहा ते अकरा, चिंगसपर्यंतचा रस्ता खुला, आणि पुढे रात्री दहापर्यंत पुढचा रस्ता. १२ तारखेला राजौरी सुटली.

एका ठिकाणी राणे रणगाड्याच्या खाली सरपटत चालले आणि दोन दोऱ्या ओढून आतल्या चालकाला ‘थांब’ आणि ‘चल’ अशी खूण करत त्यांनी रणगाडा सुरुंगांतून पार नेला, असेही सांगतात. आणि चिंगस म्हणाल तर तेथे मोगलांची जुनी सराई आहे. काश्मीरहून परतताना १६२७ साली वाटेत जहांगीर बादशहा मेला, तेव्हा त्याची आतडी तिथे पुरली, म्हणून फारसीत ते नाव पडले. बादशहाच्या हत्तीघोड्यांचा रस्ता तो हा. तीनशे एकवीस वर्षांनी चेंडियाच्या एका पोलिसाच्या मुलाने तो हाताने उकरून मोकळा केला.

घाडगेचा पराक्रम मिनिटा-दोन मिनिटांचा, जाधवचा काही तासांचा, राण्यांचा चार दिवसांचा. हे मोजमाप श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्यासाठी नव्हे. रागाच्या भरात धावून जाणे मला कळू शकते. पण रात्री दहाला मांडीतली जखम घेऊन आडवे व्हायचे आणि पहाटे पावणेपाचला उठून कालच्याच सुरुंगापाशी बसायचे, हे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. त्याच बाँबे सॅपर्समध्ये प्रेमिंद्रसिंग भगत या अधिकाऱ्याने १९४१ साली पूर्व आफ्रिकेत चार दिवस पंचावन्न मैल सुरुंग काढत जाऊन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता. खडकीच्या या दलाला शौर्याचा हा चिवट वाणच लाभलेला दिसतो. राण्यांच्या मानपत्रात त्यांनी शत्रूचा एकही माणूस मारल्याचा उल्लेख नाही. वज्र आणि दधीची हे चिन्ह त्यांच्या छातीवर जितके शोभले तितके क्वचितच कोणाच्या शोभले असेल.

राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या लष्करी रुग्णालयात वारले. शिपिंग कॉर्पोरेशनने आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावे दिली तेव्हा राण्यांच्या नावाचे जहाज १९८४ पासून समुद्रावर फिरू लागले. स्वतः राणे तेव्हा हयात होते. कारवारच्या किनाऱ्यावर ‘चपळ’ या युद्धनौकेचे संग्रहालय आहे, त्याच्या शेजारी २००६ साली त्यांचा पुतळा बसवला. सुटीत मुले जहाज पाहायला तिकडे जातात, आणि शेजारचे ते नाव वाचतात.